सिरॅमिक वॉटर फिल्टर घासून घासून बारीक झालाय: अजून वापरायचा की एलिमेंट बदलायचा?

कातळकडा (प्रश्न)

मंडळी, ट्रेकसाठीच्या हातपंपाच्या सिरॅमिक फिल्टरबद्दल विचारायचं आहे. एलिमेंट (पाणी गाळणारी सिरॅमिकची नळी) ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आत कार्बनचा गाभा. पाणी बहुतेक वेळा गडांवरच्या टाक्यांचं, कधी ओढ्याचं.

सध्याची अवस्था अशी: साफ केल्यावर चार-पाच लिटर पाणी बरं येतं, मग दांडा इतका जड होतो की दोन हातांनी दाबावा लागतो. सोबत आलेलं मापाचं प्लास्टिक गेज एलिमेंटच्या दोन्ही टोकांना अडतं, पण मध्यावर सरळ आत सरकतं. वरच्या टोपणाजवळ सिरॅमिकचा तांदळाच्या दाण्याएवढा टवकाही उडालाय. बाकी एलिमेंट दिसायला धड आहे.

प्रश्न असे:
१. गेज फक्त मध्यावर सरकत असेल तर एलिमेंट बाद धरायचा का?
२. घासायला नक्की काय वापरावं? कुणी टूथब्रश सांगतं, कुणी पॉलिश पेपर.
३. बारीक तडा गेलाय का हे घरी कसं तपासायचं?
४. ओ-रिंगला (सांध्यातल्या गोल रबरी रिंगेला) व्हॅसलीन चालतं का?
५. नवा एलिमेंट घ्यावा की सरळ होलो फायबरवाला (पोकळ, सच्छिद्र धाग्यांचा) फिल्टर घेऊन मोकळं व्हावं?

---

मापात_राहा

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: बाद. गेज एलिमेंटवर कुठल्याही एका जागी सरकलं की एलिमेंट संपला. तीन जागांची सरासरी काढायची नसते. पंप मारताना बाहेरून आत दाब येतो आणि भिंत फुटायची झाली तर सर्वांत बारीक जागीच फुटते. छिद्रं भिंतीच्या पूर्ण जाडीत तशीच असतात, त्यामुळे बारीक झालेला एलिमेंट पाणी आधीपेक्षा जोरात देतो आणि माणूस उलट खूश होतो. टवका उडालाय तो टोपणाच्या चिकटवलेल्या सांध्याजवळ, म्हणजे तेही नाजूक ठिकाण. एकच दोष असता तरी बदला म्हटलं असतं, इथे दोन आहेत.

मध्यावरच का झिजला तेही बघा, नाहीतर नव्याचंही तेच होईल. एलिमेंट मुठीत धरून घासणी पुढे-मागे मारली की सगळा जोर मध्यावर पडतो आणि टोकं तशीच राहतात. घासणी एलिमेंटभोवती गुंडाळून धरायची आणि एलिमेंट फिरवायचा. टोपणापासून बुडापर्यंत तीन पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्याला सारखेच फेरे द्यायचे.

घासायला भांड्यांची हिरवी नायलॉनची घासणी पुरे. नवी घ्या, साबण न लागलेली, आणि ती फिल्टरच्या पिशवीतच ठेवा. टूथब्रशने वरचा गाळ हलतो, पण छिद्रांच्या तोंडाशी घट्ट बसलेला थर निघत नाही. मग जोर लावला जातो आणि केसांच्या रेघा उमटतात. पॉलिश पेपरने काम झटपट होतं खरं, पण एका बैठकीत कितीतरी सफायांची जाडी निघून जाते. तारेची घासणी तर नकोच, तिचे लोखंडी कण सिरॅमिकमध्ये रुतून गंजतात.

सफाईचा क्रम असा ठेवा:

आधी हात धुवा. पंप उघडून एलिमेंट बाहेर काढा आणि त्याचं पाणी बाहेर पडायचं तोंड अंगठ्याने किंवा स्वच्छ बुचाने बंद करा. हे तोंड पूर्ण वेळ वरच्या बाजूला. घासताना निघणारा चिखल या भोकातून आत गेला तर तो गाळलेल्या बाजूला बसतो आणि पुढच्या प्रत्येक बाटलीत थोडाथोडा उतरतो. घासून कुठे तो काढता येत नाही. मग एलिमेंट पूर्ण ओला करा. कोरडा घासू नका, कोरड्यावर भुकटी उडते आणि छिद्रं तिनेच बुजतात. हलक्या हाताने घासा, पाण्याची बारीक धार चालू ठेवा. तपकिरी रंग जाऊन मळकट पांढरा दिसला की थांबा. लोहाचे पिवळसर डाग राहिले तर राहू द्या. ते घालवायच्या नादात निम्मं आयुष्य जातं. परत जोडल्यावर पहिलं अर्धा लिटर पाणी ओतून द्या. धुवण टाक्यात नको, दहा पावलं लांब टाका.

नवा एलिमेंट आला की वापरायच्या आधीच व्हर्नियर कॅलिपरने वर, मध्ये, खाली असा व्यास मोजा आणि डब्यावर मार्करने लिहून ठेवा. कंपनीचं गेज फक्त "संपला" एवढंच सांगतं. आकडे लिहिलेले असले तर किती वेगाने झिजतोय ते कळतं, आणि मोठ्या मोहिमेआधी सुटा एलिमेंट बरोबर घ्यायचा का हे ठरवता येतं. सुरुवातीचं पाणी कार्बनच्या भुकटीने काळसर येईल. ते स्वच्छ दिसेपर्यंत ओतत राहा.

लिटरच्या आकड्यावर फार जाऊ नका. हातपंपाच्या सिरॅमिक फिल्टरांत एमएसआर मिनीवर्क्सला २,००० लिटरपर्यंत म्हणतात, कॅटाडिन पॉकेटला ५०,००० लिटरपर्यंत. दोन्हीत ती "पर्यंत" महत्त्वाची. एलिमेंट लिटरने संपत नाही, घासण्याने संपतो. चार-पाच लिटरला एकदा घासणार असाल तर कुठलाच आकडा गाठला जाणार नाही.

---

गाळउपसा

वरच्या शेवटच्या वाक्यालाच धरून. चार-पाच लिटरला फिल्टर बसतोय याचा अर्थ पाणी तसंच पंपात जातंय. एलिमेंट बदललात तरी सवय तीच राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत परत हीच गाऱ्हाणी.

टाक्यांचं पाणी फेब्रुवारीनंतर खाली जातं आणि तळाचा गाळ आणि शेवाळ यांचं प्रमाण वाढत जातं. ओढ्याच्या पाण्यात त्रास वेगळा, मातीचा. रात्रभर भांडं ठेवलं की गाळ बसतो हे वाळूच्या बाबतीत खरं, मातीच्या नाही. २ मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर खाली जातो, त्याहून बारीक कण तर दिवसचे दिवस तरंगतात. सिरॅमिक बुजवणारे हेच.

म्हणून पहिलं काम कापडाचं. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी चार पदरी घ्यायची. नवं कापड चालत नाही. जुन्याचे धागे सुटून फुलतात आणि मधल्या जागा आकसतात, चार पदरांत ती चाळण २० मायक्रॉनच्या आसपास जाते. बांगलादेशात याच चार पदरी साडीवर पटकीसाठी (कॉलरासाठी) काम झालं होतं. २००३ साली छापून आलेल्या त्या निष्कर्षांत रुग्ण जवळपास ४८ टक्क्यांनी घटले होते, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. आपल्याला इथे कापडाने पाणी शुद्ध करायचं नाहीये, शेवाळाचे तंतू, अळ्या, काडीकचरा बाहेर ठेवायचा आहे. तेवढ्यानेही दांडा हलका होतो.

पाणी चहासारखं गढूळ असेल तर तुरटी. १० लिटरला साधारण १ ग्रॅम, म्हणजे पूड केलेली चहाच्या चमच्याचा पाव भाग. आधी मिनिटभर जोरात ढवळा, मग पाचेक मिनिटं अगदी सावकाश, म्हणजे कण एकमेकांना धरून पुंजके होतात. मग अर्धा ते एक तास हात लावू नका. पुंजके तळाला बसले की वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि पंपाची नळी त्यात सोडा.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, तळ ढवळला जातो आणि तुरटीचा बुळबुळीत साका नळीत जातो. तो मातीपेक्षा वाईट, सिरॅमिकवर जेलीसारखा बसतो आणि एका लिटरात पंप बंद पाडतो. नळीच्या टोकाला तरंगता फोम असतो तो याचसाठी, तो सरकवून तोंड तळापासून चार बोटं तरी वर राहील असं करा. दुसरं, कातळातल्या टाक्यांत बरंचसं पावसाचं पाणी असतं. त्यात क्षार कमी, त्यामुळे तुरटी टाकूनही पुंजके होत नाहीत आणि मग माणूस आणखी तुरटी टाकतो. तुरटीला काम करायला पाण्यात थोडी अल्कधर्मी बाजू लागते. अशा वेळी १० लिटरला चिमूटभर खाण्याचा सोडा आधी विरघळवा, मग तुरटी. फरक लगेच दिसतो.

---

रानमेवा

तडा तपासायला सोपी युक्ती: हळदीचं पाणी करून पंपातून ओढायचं. पलीकडे पिवळं आलं तर तडा आहे, पांढरं आलं तर फिल्टर ठणठणीत.

---

बुडबुडा

रानमेवा, या युक्तीत घोळ आहे. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, तिचे कण मोठे असतात. जंतू सहज जातील एवढ्या तड्यातही ते अडकतील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. शिवाय आत कार्बन आहे, जो थोडाफार रंग विरघळून येतो तो कार्बन ओढून घेतो. खाण्याचा रंग वापरला तर उलटी गंमत: तो पूर्ण विरघळतो, म्हणून कार्बन नसलेल्या धडधाकट सिरॅमिकमधूनही पार होतो. दुधाचा प्रयोगही कुणीतरी सुचवेल, तो करू नका. स्निग्धांश आत बसला की एलिमेंट गेलाच.

खात्रीची चाचणी बुडबुड्यांची. तिच्यामागचं कारण कळलं की तिची मर्यादाही कळते.

ओल्या सिरॅमिकच्या प्रत्येक छिद्रात पाणी पृष्ठताणाने धरून बसलेलं असतं. ते ढकलून हवा बाहेर काढायला दाब लागतो आणि छिद्र जितकं बारीक तितका दाब जास्त. ०.२ मायक्रॉनच्या छिद्राला हिशेबाने जवळपास १४ बार लागतात, म्हणजे धड एलिमेंटमधून आपल्या फुंकरीने हवा जाणं शक्यच नाही. हवा गेली तर ती तड्यातून किंवा सांध्यातून.

कृती: एलिमेंट स्वच्छ पाण्यात बुडवून तासभर ठेवा, वरचे बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी बाहेर पडायच्या तोंडाला घट्ट बसणारी स्वच्छ नळी लावा. एलिमेंट पूर्ण पाण्याखाली, नळीचं दुसरं टोक वर. फुंका आणि १५-२० सेकंद दाब धरून ठेवा. सुरुवातीला पृष्ठभागावरून चार-दोन बुडबुडे सुटले तर काही नाही. एकाच जागेतून सलग माळ सुटली तर तडा. टोपणाच्या कडेने सुटली तर सांधा गेला. एलिमेंट सावकाश फिरवत सगळीकडून बघा.

आता मर्यादा. जोरात फुंकलं तरी माणसाचा दाब ०.१ बारच्या आसपास, म्हणजे मीटरभर पाण्याच्या स्तंभाएवढा. त्या दाबाला ३० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी फट सापडते. आता पोट बिघडवणारे जंतू बघा: जियार्डियाची पुटी ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६, ई. कोलाय जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद. म्हणजे चाचणीत नापास झाला तर एलिमेंट नक्की फेका. पास झाला तर मोठा तडा नाही, एवढंच कळलं.

थोडं पुढे जायचं असेल तर घरात रक्तदाब मोजायचं जुनं, काटा आणि रबरी फुगा असलेलं यंत्र असतं. पट्ट्याऐवजी त्याची नळी एलिमेंटला जोडा आणि १५० पर्यंत हवा भरा. १५० मिलिमीटर पारा म्हणजे ०.२ बार, त्याला १५ मायक्रॉनची फट सापडते. शिवाय काटा डोळ्यांसमोर असतो: झडप बंद करून मिनिटभर बघा, काटा भराभर उतरत असेल तर हवा कुठून तरी जातेय. आधी जोडणीवर साबणाचा फेस लावून तिथून तर गळत नाही ना ते पाहा, फेस एलिमेंटला लागू देऊ नका.

---

कातळकडा

बुडबुडा, भारी. मग सायकलच्या पंपाने १ बार दिला तर ३ मायक्रॉनपर्यंत सापडेल ना?

---

बुडबुडा

हिशेब बरोबर, पण करू नका. पंपात एलिमेंटवर दाब बाहेरून येतो, म्हणजे सिरॅमिक दाबलं जातं, आणि ते दाबाला पक्कं असतं. आतून हवा भरली की तेच ताणलं जातं. ताणाला सिरॅमिक कच्चं आणि चिकटवलेलं टोपण त्याहून कच्चं. धड एलिमेंट तपासताना फोडून बसाल.

बारीक गळतीची शंका असेल तर एच-टू-एस व्हायल (पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर काळी पडणारी बाटली) वापरा. गावोगावी पाणी तपासायला वापरतात ती, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते. एकीत टाक्याचं पाणी, दुसरीत तेच पाणी फिल्टर करून. उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. पहिली काळी पडली आणि दुसरी नाही, तर फिल्टर काम करतोय. दोन्ही काळ्या पडल्या तर एलिमेंट, ओ-रिंग किंवा बाटलीचं तोंड यापैकी काहीतरी दूषित आहे. दोन्ही काळ्या पडल्याच नाहीत तर तुम्ही चांगलं पाणी घेऊन आलात, फिल्टरबद्दल काहीच कळलं नाही.

आणि वापरताना एक खूण लक्षात ठेवा. न घासता पंप अचानक हलका झाला, पाणी धो धो यायला लागलं, तर आनंद मानू नका. तडा गेलाय किंवा ओ-रिंग जागेवरून सरकलीये.

---

डॉक्टर_गडकरी

यात एक बाजू राहून गेली. एलिमेंट नवाकोरा असला तरी ०.२ मायक्रॉनचं सिरॅमिक विषाणू अडवत नाही. हिपॅटायटिस अ चा विषाणू ०.०३ मायक्रॉनच्याही आतला, रोटाव्हायरस ०.०७ च्या आसपास. माणसांचा आणि गुरांचा वावर असलेल्या वाडीखालच्या ओढ्याचं पाणी नुसतं गाळून पिऊ नये. काही सिरॅमिकमध्ये चांदी असते, ती एलिमेंटच्या आत जंतू वाढू नयेत म्हणून, सरकन निघून जाणारं पाणी ती निर्जंतुक करत नाही.

कोकणात पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) डोक्यात ठेवावं. लेप्टोस्पायरा लांबीने ६ ते २० मायक्रॉन असला तरी जाडीला ०.१ मायक्रॉनच्या आसपास आणि वळवळत पुढे सरकणारा. प्रयोगशाळेत ०.२ मायक्रॉनच्या पडद्यातून तो पार होतो. भातखाचरातून आलेलं पाणी फिल्टरच्या भरवशावर सोडू नका. (लेप्टो ओरखड्यांतूनही शरीरात जातो, पण तो वेगळा विषय.)

उपाय दोन. उकळायचं तर खळखळून १ मिनिट पुरे, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं. कळसूबाईच १,६४६ मीटर, त्यामुळे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत कुठेही १ मिनिट. नाहीतर क्लोरीन, गोळी किंवा मेडिक्लोर, प्रमाण पाकिटावरचं, थांबायचं अर्धा तास. पाणी गार असेल तर जास्त.

क्रम मात्र चुकवू नका: आधी फिल्टर, मग बाटलीत क्लोरीन. आधी क्लोरीन टाकून पंपातून ओढलं तर कार्बन ते खाऊन टाकतो आणि बाटलीत काहीच उरत नाही. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन गाळातच खर्च होतं, हे दुसरं कारण. जोडी जमते ती अशी की क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही पण सिरॅमिक त्याला अडवतं. विषाणूंचं बरोबर उलट.

टाक्यावर हिरव्या-निळ्या तेलरंगासारखी साय दिसली तर ते पाणी सोडून द्या. त्या शेवाळाच्या पेशी सिरॅमिकमध्ये अडकतील, त्यांनी पाण्यात सोडलेलं विष नाही अडकणार. उकळूनही ते जात नाही, आणि कार्बन त्यातलं किती ओढेल याचा भरवसा नाही.

---

वॉशरवाला

ओ-रिंगचं मी सांगतो. व्हॅसलीन हे पेट्रोलियम. रिंग नायट्राइलची असेल तर तग धरेल, ईपीडीएमची किंवा नैसर्गिक रबराची असेल तर फुगेल, मऊ पडेल आणि खाचेतून बाहेर येईल. कुठल्या रबराची आहे हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून व्हॅसलीन नकोच. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि नंतर खवट वास मारतं. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस घ्या, आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. ज्वारीच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन रिंगवर नुसती चमक येईल एवढं चोळा. जास्त लावलं तर त्यात वाळू धरते. मात्र रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसनेही ती फुगू शकते, तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

रिंग बदलायची झाली तर जुनी नमुन्याला नेऊ नका, ती ताणलेली असते. खाचेच्या तळाचा व्यास आणि खाचेची रुंदी मोजून न्या. आतला व्यास खाचेपेक्षा किंचित लहान हवा, म्हणजे रिंग अंगासरशी बसते. जाडी मूळ रिंगेएवढीच. जाड घातली तर टोपण बसताना ती कापली जाते, आणि कापलेली रिंग पाणी न गाळताच पलीकडे सोडते. रिंग काढायला सुई, पिन नको. बोटांनी चिमटून फुगवटा करा आणि बाहेर ओढा, नाहीतर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा.

पंप बिघडला तर आधी दांडा काय सांगतोय ते पाहा. जड आहे, पाणी कमी: एलिमेंट बुजला. हलका आहे, पाणीच नाही: आत येणारी रबरी झडप उघडी अडकली, दहातल्या नऊ वेळा तिथे वाळूचा कण किंवा गवताची काडी असते. झडप उघडून धुवा, कडा दुमडली नाही ना पाहा. दांडा वर ओढल्यावर आपोआप खाली खेचला जातो: नळीच्या टोकाची जाळी चिखलात रुतली किंवा नळी कुठेतरी मुडपली. दांड्याभोवतून पाणी गळतं: दट्ट्याची रिंग. दाब मोकळा करायची झडप असलेल्या पंपात तिथून पाणी उडत असेल तर झडप बिघडलेली नाही, ती तुम्हाला एलिमेंट साफ करायला सांगतेय. ती झडप दाबून धरून पंप मारणारे महाभाग असतात, तडे बरेचदा असेच जातात.

नळ्यांचीही एक गोष्ट. गढूळ पाण्यातली नळी आणि स्वच्छ पाण्याची नळी एकाच पिशवीत गुंडाळायची नाही. दोन वेगळ्या झिप पिशव्या, एकीवर लाल टेप.

---

गाळउपसा

साठवणुकीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. पावसाळ्यात कपाटात ओला एलिमेंट गेला की आतल्या कार्बनमध्ये बुरशी धरते आणि पहिल्या पंपाला मातकट वास येतो. तो वास कितीही पाणी काढलं तरी पुरता जात नाही. घरी आल्यावर एलिमेंट घासून घ्या, नळाचं स्वच्छ पाणी काढा, मग हवा निघेपर्यंत कोरडे पंप मारा. एलिमेंट बाहेर काढून पंख्याखाली, सावलीत. वरून दोन दिवसांत कोरडा वाटतो, आतून आठवडा-दोन आठवडे लागतात, कोकणातल्या जुलैत त्याहून जास्त. वजनकाट्यावर ठेवून रोज बघा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. मग सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात.

नळ्या आणि पंपाचं धड वेगळं: लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा वास नसलेलं घरगुती ब्लीच, दहा मिनिटं भिजवून नंतर भरपूर धुवायचं. हे पाणी एलिमेंटमधून काढू नका, कार्बन फुकट जातो. एलिमेंट उकळायचं तर कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल तरच. चिकटवलेली टोपणं उकळत्या पाण्यात सुटतात.

---

मापात_राहा

पाचव्याचं राहिलं. होलो फायबर हलका असतो हे खरंच: सॉयर स्क्वीझ ८५ ग्रॅमच्या आसपास, हातपंपाचे सिरॅमिक अर्ध्या किलोच्या घरात. स्क्वीझ ०.१ मायक्रॉनचा, प्रवाहही चांगला. पण त्याचा तडा डोळ्यांना दिसत नाही, घासून वरचा थर काढता येत नाही, सगळी मदार उलटं पाणी मारण्यावर. गढूळ पाण्यात तो लवकर बसतो आणि वाळून कडक झाला की उघडणं अवघड.

हिमालयात जाणार असाल तर दोघांचं दुखणं एकच: गोठलं की गेलं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, ओलं सिरॅमिक आतून तडकतं, फायबर फाटतात. रात्री फिल्टर झिप पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. सिरॅमिक तडकलं तर बुडबुड्यांच्या चाचणीत सापडायची शक्यता तरी आहे. फायबरचा फिल्टर गोठल्याचा नुसता संशय आला तरी टाकून द्यावा लागतो.

तुमचं पाणी टाक्यांचं आणि ओढ्यांचं, बरोबर पाच-सहा जण असतील तर मी सिरॅमिकवरच राहीन. दोघंच असाल आणि वाहतं स्वच्छ पाणी मिळत असेल तर फायबर.

नवा एलिमेंट घेताना पंपाच्या मॉडेलचं पूर्ण नाव जुळवून घ्या. एकाच कंपनीच्या दोन पंपांचे एलिमेंट दिसायला सारखे आणि ओ-रिंगच्या खाचेत मिलिमीटरभर वेगळे असू शकतात. बसतो, पण बाजूने गळतो. घरच्या स्टीलच्या फिल्टरची कॅन्डल कापून बसवायचे प्रकार नेटवर दिसतात, ते करू नका. ती कॅन्डल थेंबाथेंबाने, तासाला लिटर-दीड लिटर पाणी द्यायला केलेली असते, पंपाचा दाब तिच्या सांध्याला झेपत नाही. डब्यावर मायक्रॉन छापलेला नसेल तर ती किती अडवते हेही ठरत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी दोन बादल्यांत गुरुत्वाकर्षणावर लावायची असेल तर खुशाल लावा.

---

कातळकडा

सगळ्यांचे आभार. आज बुडबुड्यांची चाचणी केली, टवका उडालेल्या जागेखालून सलग माळ सुटतेय, म्हणजे वादच मिटला. नवा मागवलाय. एकच शेवटचं: जुना एलिमेंट फोडून आतला कार्बन काढून वापरता येईल का?

---

वॉशरवाला

नाही. इतके दिवस जे जे धरून ठेवलं ते सगळं त्यात आहे, आणि तडा गेल्यापासून कच्चं पाणीही त्यातून गेलंय. सिरॅमिक नळी कुंडीच्या तळाला घाला, ओ-रिंग धड असतील तर धुऊन ग्रीस लावून सुट्या म्हणून ठेवा. घासणीही नवीच घ्या, जुनीत चिखल मुरलेला असतो.

---

रानमेवा

हळदीचं मागे घेतो. आमच्याकडे जुनं बीपीचं यंत्र पडून आहे, त्याची नळी एलिमेंटच्या तोंडापेक्षा मोठी निघाली. मध्ये काय जोडायचं?

---

बुडबुडा

सलाइनच्या नव्या सेटची नळी घ्या, औषधाच्या दुकानात मिळते. दोन्हीकडे बसत नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानातला प्लास्टिकचा नळी-जोड, आणि सांध्यावर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे. काटा १५० च्या पुढे नेऊ नका.